मौजेचे रिव्हॉल्व्हर आणि भीतीचे रिव्हॉल्व्हर

आपल्याकडे एखाद्याने "स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घेतले" असे सांगितले की माणसे समजूतदारपणे मान डोलावतात. जमिनीचा धंदा आहे, रोकड घेऊन फिरावे लागते, दिवस वाईट आहेत, घेतले असेल बापड्याने. पण तोच माणूस म्हणाला, "आवडते म्हणून घेतले, चालवायला मजा येते," तर? बैठकीत शांतता पसरते. कोणीतरी घाईघाईने विषय चवथीच्या माटोळीवर नेतो. मी हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. पेन्सिल्व्हेनियात नोकरीला असताना माझ्याकडे बारा-तेरा वर्षे चव्वेचाळीस बोअरचे एक जुने, दुसऱ्याच्या हातून आलेले रिव्हॉल्व्हर होते, ते मी निव्वळ मौजेसाठी घेतले होते, आणि कोणी विचारले तर मी तसेच सांगतो.

माझे म्हणणे असे की हा न्याय उलटा आहे. मान डोलवायची तर मौजवाल्यापुढे डोलवा, आणि विषय बदलायचा तर संरक्षणवाल्यापुढे बदला.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या वर्तमानपत्रांना कट्टा, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर सगळे सारखेच. रिव्हॉल्व्हर म्हणजे जिच्यात फिरते चक्र असते ती. चक्रात सहसा सहा घरे, प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीच्या मागे येऊन उभे राहते. यात मॅगझिन नाही, मागेपुढे धावणारी स्लाइड नाही. जे काही चालले आहे ते डोळ्यांना दिसते. आणि 'चव्वेचाळीस बोअर' म्हणजे इंचाचे चव्वेचाळीस शतांश, असे म्हणतात खरे, पण मोजायला जाल तर गोळीचा व्यास भरतो .४२९ इंच! नाव जुन्या काळच्या काडतुसावरून पडले, गोळी बारीक झाली, नाव तेच राहिले. आपल्याकडच्या घराण्यांसारखेच हे.

माझे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीचे, मॉडेल २९. या कंपनीने १८७०च्या दशकात रशियाच्या झारच्या सैन्यासाठी चव्वेचाळीस रशियन नावाचे काडतूस वापरणारी रिव्हॉल्व्हरे बनवली. ते काडतूस लांबवून १९०७च्या सुमारास चव्वेचाळीस स्पेशल झाले. मग एल्मर कीथ नावाचा आयडाहोकडचा एक हट्टी शिकारी-लेखक ते आपल्या हाताने भरून, दारू वाढवत वाढवत, कंपन्यांच्या मागे लागला. अखेर १९५५ साली चव्वेचाळीस मॅग्नम आले. त्याचे कवच मुद्दाम इंचाच्या आठव्या भागाएवढे लांब ठेवले, की जुन्या, कमजोर रिव्हॉल्व्हरात ते मावूच नये. उलट स्पेशल मात्र मॅग्नममध्ये बिनदिक्कत चालते. नेहमीची गोळी २४० ग्रेनची. आमच्या सोनाराच्या हिशेबात सांगायचे तर १८० ग्रेनचा तोळा, म्हणजे बरोबर एक तोळा चार मासे शिसे. रिव्हॉल्व्हर स्वतः सव्वा किलोच्या वर.

ही वस्तू जुनी का घ्यावी, याचे उत्तर सिनेमात आहे. १९७१ साली 'डर्टी हॅरी' आला. क्लिंट ईस्टवुडच्या हातात हेच मॉडेल २९ होते. अमेरिकेत त्यावर उड्या पडल्या, दुकानदार छापील किमतीच्या वर पैसे घेऊ लागले. हजारो माणसांनी ईस्टवुड व्हायला ते घेतले. घरी आणले, माळावर नेले, सहा गोळ्या उडवल्या, तळहात झिणझिणला, कानठळ्या बसल्या. मग ते मोजे-रुमालांच्या खणात गेले आणि पाच-दहा वर्षांनी विकायला निघाले. तिथल्या दुकानांत एक जुना विनोद आहे: चव्वेचाळीस मॅग्नम सेकंडहँड घेतले की सोबत पन्नास काडतुसांचे खोके मिळते, त्यात चव्वेचाळीस शिल्लक असतात. दुसऱ्याच्या फुशारकीची किंमत मोजून झालेली असते. आपण फक्त वस्तू घ्यायची.

मी घेतले २००३ साली, एका लहान गावातल्या दुकानात. ग्रीन कार्ड होते, त्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती (पाहुण्यांच्या व्हिसावर गेलेल्यांनी मात्र तिथे मित्राच्या बंदुकीलाही हात लावण्याआधी नियम नीट वाचावेत, फार थोड्या अपवादांखेरीज तो गुन्हा ठरतो). एक फॉर्म भरायचा, ओळखपत्र दाखवायचे, दुकानदार राज्य पोलिसांकडे चौकशी करतो, तिकडून हिरवा कंदील आला की झाले. पेन्सिल्व्हेनियात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर कोणा खाजगी माणसाकडून घेतले तरी, घरातल्या घरात दिले नसेल, तर व्यवहार परवानाधारक दुकानातून किंवा शेरीफच्या कचेरीतून न्यावा लागतो. बऱ्याच राज्यांत एवढेही नाही. मला ते तेव्हाही पटत नव्हते, आजही पटत नाही.

पण खरी मजा फॉर्मच्या आधी असते, पारखण्यात. जुने रिव्हॉल्व्हर पारखणे म्हणजे बैल पारखण्यासारखे आहे, दात, खूर, चाल सगळे बघायचे. पहिली गोष्ट, चक्र बाहेर काढून सहाही घरे रिकामी आहेत का ते स्वतः बघायचे, दुकानदाराने बघितले असले तरी. मग स्क्रूच्या खाचा बघायच्या. खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन आत डोकावले आहे, पुढे काय काय केले असेल देव जाणे. मग दुकानदाराची परवानगी घेऊन घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा आणि प्रत्येक घर नळीसमोर येऊन 'टिक्' करून अडकते का ते ऐकायचे. घोडा पूर्ण चढला तरी चक्र अडकले नाही, तर ते दमलेले आहे. चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून ढकलून बघायचे, चाप न ओढता तो पडला तर वस्तू तिथेच ठेवून बाहेर पडायचे. चक्र आणि नळी यांच्यातली फट बघायची. ती हजारांश इंचात मोजतात, आपल्या गॅरेजवाल्यांकडे असते तेच फिलर गेज चालते. पाच-सहा हजारांश उत्तम, दहाच्या पुढे गेली की विचार करावा. नळीच्या तोंडाशी शिसे आणि जळकी दारू यांनी झिजलेले आहे का, वरच्या पट्टीवर ज्वाळेने चर पाडला आहे का, हेही बघायचे. जुनी मॉडेल २९ पूर्ण ताकदीच्या काडतुसांचा रतीब फार वर्षे सोसत नाहीत, सांधे ढिले होतात.

आणि चक्र ज्या बिजागरीवर बाहेर येते ती वाकलेली आहे का, हे तर आवर्जून. ती वाकते सिनेमामुळे! मनगटाला झटका देऊन चक्र 'खटॅक्' करून बंद करणारा नट बघून ज्यांनी तसे केले, त्यांच्या प्रत्येकाच्या रिव्हॉल्व्हराची ती बिजागरी हळूहळू जाते. मी सात-आठ नग पाहिले, त्यांतले दोन या एकाच कारणाने नाकारले. तिसऱ्या दुकानात मिळाले ते सत्तरच्या दशकातले, साडेसहा इंची नळीचे, मागे पिनने जखडलेली नळी आणि काडतुसाची कड आत बुडेल अशी खोलगट घरे असलेले. हे दोन्ही प्रकार कंपनीने १९८२च्या सुमारास खर्च वाचवायला बंद केले. तलम, खोल निळ्या रंगाचे पॉलिश, उजव्या बाजूला म्यानाने घासून पांढरे पडलेले. अक्रोडाची मूठ. किंमत सहाशे डॉलरच्या आत.

आता मजेविषयी. मजा धक्क्यात नाही. धक्का सहन करणे हा काही पुरुषार्थ नव्हे, मी दहातल्या नऊ वेळा स्पेशल काडतुसेच वापरली. मॅग्नमच्या मानाने निम्म्या वेगाची, जड, संथ गोळी, पंचवीस यार्डांवर कागदात गोल भोक. मजा आहे ती चाप ओढण्यात. घोडा आधी चढवलेला असेल तर त्या जुन्या स्मिथचा चाप काच तुटावी तसा सुटतो, आधी काहीच हलत नाही आणि मग झालेले असते. आणि मजा आहे ती स्वतःची लबाडी पकडण्यात. तिथल्या म्हाताऱ्या नेमबाजांनी मला शिकवलेली एक रीत आहे: दुसऱ्याने चक्र भरायचे, काही घरांत जिवंत काडतूस, काहींत उडवलेले रिकामे कवच, कुठे काय ते आपल्याला ठाऊक नाही. नेम धरून चाप ओढायचा. रिकाम्या घरावर घोडा 'टक्' पडतो, आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही नळीचे टोक खाली बुचकळलेले दिसते. म्हणजे धक्का येण्याआधीच हात घाबरला होता. भरलेल्या काडतुसाच्या धडाक्यात ही भीती लपते, रिकाम्यावर ती उघडी पडते. महिनोन् महिने ती भीती कमी करत नेणे, माशी स्थिर ठेवणे, श्वास अर्ध्यावर सोडून थांबणे, याला मी मौज म्हणतो. घरी येऊन नळी पुसायची, हात थंड पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवायचे (शिसे पोटात जाता कामा नये), आणि रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात, काडतुसे दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात.

इथे माझा मूळ मुद्दा येतो. "लोखंडाला काय कळते तुमचा हेतू?" असे मला एका डॉक्टर मित्राने विचारले. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत दरवर्षी बंदुकीने जे मृत्यू होतात, त्यांतले निम्म्याहून अधिक खून नव्हेत, आत्महत्या असतात. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांचा एक गाजलेला अभ्यास आला, त्यात घरात बंदूक असलेल्या घरांत खुनाचा धोका कमी नव्हे, जास्त दिसला, आणि तो धोका प्रामुख्याने घरच्या किंवा ओळखीच्या माणसांकडूनच होता. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण मला तो अभ्यास खोटा वाटत नाही. लोखंडाला हेतू कळत नाही हे खरेच. पण हेतूवरून एक गोष्ट ठरते, ती म्हणजे रात्री ते लोखंड कुठे झोपते. मौजेसाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर रिकामे, कुलपात, काडतुसांपासून वेगळे ठेवले तर मौजेत काडीचाही उणेपणा येत नाही. संरक्षणासाठी घेतलेले तसे ठेवले तर ते निरुपयोगी! चोर काही आपण दोन किल्ल्या शोधेपर्यंत थांबत नाही. म्हणून ते भरलेले ठेवावे लागते, उशाशी, खणात, गाडीत. आणि मग ते नातवाच्या हाती लागते, दारू प्यालेल्या नवऱ्याच्या हाती लागते, किंवा रात्री तीन वाजता जगणे नकोसे झालेल्या त्याच माणसाच्या स्वतःच्या हाती लागते.

ही माझी कल्पना नव्हे. वॉशिंग्टन डी. सी.मध्ये असा नियम होता की घरातली बंदूक रिकामी आणि सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवली पाहिजे. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात तो नियम रद्द केला. कारण काय? तसे ठेवले तर संरक्षणासाठी वापरता येत नाही! एका मौजवाल्याने सुद्धा त्या नियमाविरुद्ध बोट उचलायचे कारण नव्हते. संरक्षणाच्या युक्तिवादाने कुलूप काढले. आणि तिथला बंदूकवाला समाजही याच काळात बदलत गेला. १९९९ मध्ये बंदूक बाळगण्याचे मुख्य कारण म्हणून ४९ टक्के लोक शिकार सांगत होते आणि २६ टक्के संरक्षण. प्यू संस्थेने २०१३ मध्ये विचारले तेव्हा संरक्षण ४८ आणि शिकार ३२ झाले होते. २०२३ मध्ये प्रश्न थोडा वेगळा होता, पण ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठे कारण असल्याचे सांगितले. मी स्वतः माझ्या क्लबात हे होताना पाहिले. जुने लोक लाकडी मुठींवरून तासभर भांडायचे. नवे आले ते काळी प्लास्टिकची पिस्तुले घेऊन, आणि त्यांच्या तोंडी सतत 'ते' कोण तरी, जे एक दिवस येणार आहेत. माझ्या रंगाकडे बघता 'ते' म्हणजे कदाचित मीच असेन, असे मला दोन-तीनदा वाटून गेले.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे तर मौजवाल्याला जागाच नाही. मुक्तीनंतर गोव्याला १९५९चा शस्त्र कायदा लागू झाला. त्यात क्रीडेला थारा नाही असे नाही, क्लबातल्या नेमबाजाला .२२ची रायफल मिळू शकते, सत्तरी-सांग्यातल्या बागायतदाराला रानडुकरासाठी बारा बोअरची बंदूक मिळते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. २०१६च्या नियमांनी परवान्याआधी सुरक्षेचे प्रशिक्षण घालून दिले हेही चांगले झाले. पण रिव्हॉल्व्हर म्हटले की अर्जात लिहायचे कारण एकच, जिवाला धोका. धोका नसेल तर कल्पून लिहा! मोठ्या बोअरची जी रिव्हॉल्व्हरे या देशात इतिहासाने सोडली, ती .४५५ आणि .३८०ची वेब्ली वगैरे, ती 'प्रतिबंधित बोअर' म्हणून सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, कारण त्यांत लष्करी काडतूस बसते. राहिले बत्तीस बोअर. त्यात परदेशी मालाची खाजगी आयात ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंद, त्यामुळे तिथे चार-पाचशे डॉलरला मिळणारा जुना नग इथे काही लाखांना जातो. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस कागदावर भोके पाडायला वापरील काय? ती कमरेला दिसण्यासाठीच असते. मग लग्नाच्या मांडवात हवेत बार उडतात, आणि ते थांबवायला २०१९ मध्ये कायद्यात वेगळी शिक्षा घालावी लागते.

२०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' काढले. बत्तीस बोअर, अर्ध्या किलोच्या आसपास वजन, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि जाहिरात बायकांच्या संरक्षणाची. दिल्लीतल्या २०१२च्या त्या भयानक घटनेनंतर ज्या भीतीवर सरकारने रस्ते, दिवे, पोलीस, कोर्टे हे उत्तर द्यायचे, त्या भीतीला सव्वा लाखाची खेळणी विकली. ज्या मुलींना खरी भीती आहे त्या कदंबच्या शेवटच्या बसने घरी जातात, त्यांच्या पर्समध्ये सव्वा लाख नसतात.

आणि आपला सांस्कृतिक सोवळेपणा तर विचारूच नका. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. शस्त्रे नसली की कोयता, पाना, स्कूटर, प्रिंटर, सगळ्यांना झेंडूची माळ. राण्यांच्या बंडांच्या गोष्टी सांगताना आपला ऊर भरून येतो. सोळाव्या शतकात गोव्यात तोडेदार बंदुका घडवणारे कारागीर होते आणि १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर पोचलेल्या बंदुकांचा घाट त्यांच्याच वळणाचा असावा, असे शस्त्रांच्या काही अभ्यासकांचे मत आहे. हे ऐकले की आपण खूष. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचे सुवर्ण घेतले, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून पदक आणले, तेव्हा पेढे वाटले. पण घरातल्या पोराने विचारले की हे यंत्र चालते कसे, तर "शिवू नको, वाईट असते ते!" पूजा करायची, पदक मिरवायचे, सिनेमात टाळ्या वाजवायच्या, आणि जाणून मात्र घ्यायचे नाही. ज्याला ते यंत्र उघडून, पुसून, रिकामे करून दाखवले आहे, त्याला त्याचा धाक वाटतो, गूढ वाटत नाही. कमरेला लावून मिरवणारा नेमका गुढावर जगतो.

मी हे सारे आता लिहितो आहे त्याला कारण आहे. माझा एक भाचा जमिनींच्या व्यवहारात आहे, पैसा बरा आला आहे. गेल्या महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "मामा, लायसनचा अर्ज करतोय. कुठले रिव्हॉल्व्हर घेऊ सांग. तुला त्यातले कळते." मी विचारले, कोणी धमकी दिली का? नाही. कोणाचे देणे? नाही. कोर्टात भांडण? तसे काही नाही, पण सगळ्यांकडे आहे, आणि साइटवर गेले की जरा वजन पडते. त्याच्या घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि सगळी कपाटे सताड उघडी असतात, हे मला माहीत आहे. अर्जात काय लिहिलेस म्हणून विचारले तर हसला. "तेच. जिवाला धोका."

मी त्याला म्हटले, आधी एखाद्या रायफल क्लबात नाव घाल, वर्षभर .२२ने कागदावर गोळ्या मार, दर शनिवारी स्वतःच्या हाताने नळी पूस. त्यानंतरही हवेसे वाटले तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येतो, चक्राची फट मोजून देतो. आणि तोपर्यंत अर्ज मागे घे.

"वर्षभर कागदावर?" तो म्हणाला. "मग त्याचा उपयोग काय?"

माझे स्वतःचे ते मॉडेल २९ मी २०१६ मध्ये परत यायच्या आधी विकले. इथे आणण्याचा प्रश्नच नव्हता. घेणारा निवृत्त शाळामास्तर होता, त्याने पाऊण तास लावला. स्क्रूच्या खाचा बघितल्या, फट मोजली, बिजागरी डोळ्यासमोर धरून उजेडात पाहिली. पाचव्या घरावर चक्र किंचित उशिरा अडकते, असे सांगून त्याने पन्नास डॉलर कमी केले. बरोबर होते त्याचे.